निलंबित कण? कोणत्या खात्यातून?

जळगावच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: पाण्यातले अतिसूक्ष्म कण भांड्याच्या भिंतीजवळ कसे हलतात, यावर टिपण लिहितोय. 'निलंबित कण' लिहू की 'तरंगते कण'?

दोन्ही नको. निलंबित तलाठी होतो. आणि तरंगते ते पान, पाण्याच्या वर. गिरणेच्या पुराच्या पाण्यातला कण ना वर येतो ना तळाला बसतो. त्याला 'अनिवळ' म्हणा. शब्द माझाच आहे, हसायचं तर हसा.

'निवळणे' 'निर्मल'पासून आलं, असं बरेच जण बिनदिक्कत सांगतात. मला पटत नाही. कर्माचं काम झालं, चर्माचं चाम झालं. 'र्म'चा मराठीत 'म' उरतो. 'व' होतो तो सुट्या 'म'चा: ग्राम-गाव, नाम-नाव. मग निर्मलाचं 'निमळ' का नाही झालं? माझ्या मते इथे 'निवणे' शिरलंय, म्हणजे थंड होणे. भडगावला आमच्या ओट्यावरच्या रांजणात पाणी निवायचं आणि निवळायचं, एकाच रात्रीत. आजी रांजणाच्या आतल्या अंगाला निवळीची बी घासायची आणि आम्ही पेला बुडवायला गेलो की ओरडायची, "हात नको लाऊ, पानी निवळू दे!" ज्यांनी खानदेशातला मे महिना पंख्याखाली काढला, त्यांनी माझी व्युत्पत्ती खुशाल खोडावी.

या निवळीला संस्कृतात कतक म्हणतात. मनुस्मृती तिला 'अम्बुप्रसादक', म्हणजे पाणी निवळवणारी, म्हणते आणि वर बजावते की नुसतं नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. यातला 'प्रसाद' म्हणजे निवळणं. सद् म्हणजे बसणे. गाळ खाली बसला की पाणी 'प्रसन्न'. माणसाचा चेहरा प्रसन्न होतो तो याच पाण्याच्या उपमेने. इंग्रजीतला 'सेडिमेंट'ही याच धातूच्या भावकीतला.

हां, भिंत राहिली. 1827 साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने टिपलेली पाण्यातल्या कणांची ती थरथर भिंतीजवळ मंदावते, कारण भिंतीला चिकटलेलं पाणी हलत नाही आणि कणाला मधलं पाणी पिळून बाजूला सारावं लागतं. कणाचं केंद्र त्याच्या त्रिज्येच्या दहापट दूर असलं, तरी भिंतीला समांतर भटकंती साधारण 6 टक्क्यांनी घटते, भिंतीकडे ये-जा 11 टक्क्यांनी. म्हणून 'भिंतीलगत' आणि 'भिंतीकडे' हे शब्द टिपणात वेगळे ठेवा. 'भित्तिसमीप' मात्र लिहू नका.