सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तर माझ्या मुदत ठेवीचं काय होईल?

व्याज धरून 5 लाखांपर्यंतची रक्कम तुम्हाला निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत मिळायला हवी. त्यावरच्या रकमेची हमी नाही. ही तरतूद ठेव विमा महामंडळाच्या कायद्यातली आहे. मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये 1 लाखावरून 5 लाख झाली आणि 90 दिवसांचा नियम सप्टेंबर 2021 पासून लागू झाला. त्याआधी बँकेचा परवाना रद्द होईपर्यंत किंवा विलीनीकरण होईपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांचे हाल झाले ते यामुळेच. आता पहिल्या 45 दिवसांत बँक ठेवीदारांची यादी देते, उरलेल्या दिवसांत महामंडळ पडताळणी करून पैसे देतं. त्यासाठी बँकेने मागितला की संमतीचा अर्ज आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील लगेच द्या, अर्ज राहिला तर पैसेही अडकतात.

एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांत तुमच्या एकट्याच्या नावावर असलेल्या ठेवी एकत्र धरल्या जातात, त्यामुळे शाखा बदलून उपयोग नाही. पत्नीबरोबरचं संयुक्त खातं मात्र वेगळं मोजतात.

एक अपवाद आहे: बँक दुसऱ्या बँकेत विलीन करायची असेल तर रिझर्व्ह बँक ही मुदत आणखी 90 दिवसांनी वाढवू शकते. आणि तुमची ठेव बँकेत नसून पतसंस्थेत असेल, तर हा विमा तिला लागूच नाही. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव आजच वाचा.