ठोकळ्यांचा कारखाना: जेसीबीचं टायर, पोकलेनची गिरकी आणि चिरेखाण

पावसाळा लागला की या सदराची पत्रं दुप्पट होतात, पोरं घरात अडकतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांचे बाप अडकतात असा माझा अनुभव. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की इथे आपण घरं बांधायच्या साध्या ठोकळ्यांबद्दल बोलत नाही, भोकं असलेले बीम म्हणजे पट्ट्या, त्या जोडायच्या पिना, ॲक्सल म्हणजे चाकं-गियर बसवायचे दांडे, गियर असे जे तांत्रिक ठोकळे असतात, लेगोचे टेक्निक किंवा त्याच मापाचे दुसरे, त्यांच्याबद्दल बोलतो. लेगोने ते १९७७ साली काढले. यावेळी जवळजवळ सगळेच प्रश्न रस्त्यावरच्या आणि खाणीतल्या मशिनींचे आहेत, साहजिकच आहे म्हणा, आपल्याकडे खिडकीतून बाहेर बघितलं की एक तरी पिवळं धूड दिसतंच.

दादा, आमच्या घरासमोर हायवेच्या कामावर जेसीबी उभा असतो. मुलगा सातवीत आहे, त्याने टेप घेऊन मोजून आणलंय (ड्रायव्हरने आधी हाकललं आणि मग स्वतःच टेपचं दुसरं टोक धरलं): मागचं टायर १४० सेंमी उंच, पुढचं ९०, रुंदी २.३ मीटर, लांबी मागचा हात मिटलेला असताना ५.९ मीटर. तयार सेट आणून जोडायचा नाहीये, स्वतः डिझाइन करायचंय. सुरुवात कुठून करू? – वाचक, चिपळूण

मुलाला आधी माझ्याकडून शाबासकी द्या कारण निम्मं काम त्याने केलंय. बहुतेक लोक केबिनपासून सुरू करतात, छान काचबिच लावून केबिन बनवतात आणि मग त्या केबिनला शोभेल असं टायर मिळत नाही म्हणून सगळं मोडून परत बसतात, मीही पहिले दोन जेसीबी असेच वाया घालवलेत. बीम आपण हव्या त्या लांबीचा निवडू शकतो पण टायर जे बाजारात आहेत तेच, त्यामुळे माप टायरवरून काढायचं.

ठोकळ्यांमध्ये ८१.६ मिमी व्यासाचं फुगीर टायर मिळतं आणि ५६ मिमीचंही मिळतं. तुमचं मागचं टायर १४०० मिमी, भागिले ८१.६, उत्तर साधारण १७ येतं, म्हणजे तुमचं मॉडेल खऱ्याच्या सतराव्या हिश्श्याचं. आता पुढचं बघा, ९०० भागिले १७ म्हणजे ५३, आणि आपल्याकडे ५६ आहे, तीन मिमी जास्त, चालतंय की! आता बाकीचं. या ठोकळ्यांमध्ये एका भोकापासून दुसऱ्या भोकाचं अंतर ८ मिमी असतं, त्याला आपण एक घर म्हणू. लांबी ५९०० भागिले १७ म्हणजे ३४७ मिमी, म्हणजे ४३ घरं. रुंदी १३५ मिमी, म्हणजे १७ घरं. सतरा आले हे नशीब समजा, विषम आकडा आला की बरोब्बर मधोमध एक भोक मिळतं आणि स्टिअरिंगचा ॲक्सल तिथून नेता येतो, सोळा आले असते तरी मी तुम्हाला सतराच करा म्हटलं असतं.

यानंतर लगेच ठोकळ्यांना हात लावायचा नाही. गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक घर, आणि त्यावर मशीन बाजूने काढा. फोटोवरून काढणार असाल तर फोटो लांब उभं राहून झूम करून घ्या, जवळून घेतला तर पुढचं टायर मोठं आणि मागचा हात बारीक दिसतो आणि सगळी मापं फसतात. कागदावर पहिल्यांदा फक्त सांधे मांडा, म्हणजे जिथे जिथे लोखंडात पिन आहे ती ती जागा. पुढच्या बकेटचे हात कुठे अडकवलेत, मागच्या हाताचे तीन सांधे कुठे आहेत, सिलिंडर कुठून कुठे जातो. मग लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा (घरात ढिगाने असतातच) कापून पट्ट्या करा, सांध्याच्या जागी टाचण्या टोचा आणि हलवून बघा. पुढची बकेट वर उचलताना सरळ राहते की माती ड्रायव्हरच्या डोक्यावर ओतते हे पुठ्ठ्यावरच कळतं. सरळ ठेवायची तर हाताच्या वर त्याला समांतर आणि तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी लागते, चार सांध्यांचा तिरका चौकोन झाला पाहिजे. समोर खरं मशीन उभं आहे, जाऊन बघून या, सगळी उत्तरं तिथे लोखंडात लिहिलेली आहेत.

आणि पहिलं मॉडेल पिवळंच पाहिजे असा हट्ट नको. लाल निळं हिरवं जे आहे त्यात आधी चालतं करा.

सर माझ्या डंपरची चासी मधून वाकते, बीम दुप्पट केले तरी लचकतेच. काय करू? – वाचक, दापोली

दुप्पट करून नाही होणार, तिरकस टेकू द्या. चौकोन कितीही जाड केला तरी सांध्यात तिरपा होतोच, त्रिकोण होत नाही. घराचा पाया आखताना गवंडी दोरीने तीन-चार-पाच करून काटकोन काढतो की नाही, अगदी तेच इथे बसतं. ७ भोकांचा बीम घ्या, ९ भोकांचा आणि ११ भोकांचा. सात भोकांमध्ये अंतरं सहा असतात, नवात आठ, अकरात दहा, आणि ६-८-१० म्हणजे तीन-चार-पाचाचीच दुप्पट. तिन्ही बीम टोकाला टोक पिनेने जोडले की काटकोन आपोआप होतो, कुठे ताण नाही, काही वाकवावं लागत नाही. असे दोन त्रिकोण चासीच्या मधल्या भागात उभे बसवा, एकेक बाजूला एक, आणि काळ्या पिना वापरा, त्या घट्ट बसतात. करड्या पिना सैल फिरतात, त्या चाकांना आणि सांध्यांना.

पोकलेन बनवलीय, मोटर लावलीय. मोटरवर ८ दातांचा गियर आणि तो टर्नटेबलच्या (वरचा भाग ज्यावर फिरतो त्या चकतीच्या) ६० दातांना. वरचा भाग गरगर फिरतो, मुलं हसतात. आणि बूम (पुढचा मोठा हात) दोऱ्याने उचलतो तर मोटर बंद केली की धपकन खाली येतो. – वाचक, लांजा

हसू दे मुलांना, हे प्रत्येकाचं होतं. जाता जाता, पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव आणि जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची अक्षरं, पण आपल्याकडे चेनवाली ती पोकलेन आणि टायरवाला तो जेसीबी, मग बॉडीवर कुठल्याही कंपनीचं नाव असो.

तुमचं गणित बघू. मधल्या आकाराची मोटर मोकळी फिरताना मिनिटाला साधारण ४०० फेरे घेते. ८ आणि ६० म्हणजे साडेसात पट कमी, म्हणजे मिनिटाला ५३ गिरक्या, जवळपास सेकंदाला एक! पोकलेन कसली, जत्रेतला पाळणा झाला तो. आठ दातांचा गियर काढा आणि त्याजागी वर्म गियर लावा, तो स्क्रूच्या आट्यासारखा दिसणारा. वर्मचा एक पूर्ण फेरा झाला की समोरचा गियर फक्त एक दात सरकतो, म्हणजे ६० पट कमी, मिनिटाला साडेसहा गिरक्या, अर्धी गिरकी साडेचार सेकंदात. आता बघा कशी वजनदार वाटते ती. (तुमचं टर्नटेबल जुनं असेल तर ५६ दात असतील, फरक पडत नाही.)

बूमचंही औषध तेच. वर्म गियर गाडीच्या जॅकसारखा आहे, तुम्ही फिरवला तर फिरतो पण वरून वजन पडलं म्हणून उलटा फिरत नाही, त्यामुळे मोटर बंद झाली तरी बूम आहे तिथे थांबतो. दोरा काढूनच टाका. थोडे पैसे असतील तर लिनिअर ॲक्ट्युएटर घ्या, २००८ पासून मिळतात, दिसायला सिलिंडरसारखा आणि आत स्क्रू, मोठा असतो तो पाच घरं म्हणजे ४० मिमी बाहेर येतो. शेवटाला पोचला की आतला क्लच कट्कट् करत घसरतो आणि काही मोडत नाही. बॅटरी बॉक्स मात्र एकदम मागे टाका, खऱ्या पोकलेनच्या ढुंगणाला जे वजन असतं त्या जागी, नाहीतर बूम लांब केला की मशीन तोंडावर पडणार.

माझो झील आठवीत आसा, तेका ह्या ठोकळ्यांचा याड लागला. पण एक मोठो डबो घेवक गेल्यार माझो अर्धो पगार जाता. स्वस्तात कायतरी सांगा हो. – वाचक, कुडाळ

पगार जातो हे खरंय. २०२० साली बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०, डबा महाग का त्याचं अर्धं कारण तिथेच आहे. पण डिझाइन शिकायला मोठा डबा लागतच नाही, उलट मोठा डबा आणला की पुस्तकात बघून जोडण्यातच तीन महिने जातात आणि स्वतःचं काही होत नाही. एक छोटा सेट ज्यात गियर आहेत असा घ्या आणि वरून सुट्टे बीम आणि पिना. चायनीज घेतले तरी बहुतेकांचं अंतर तेच ८ मिमी असतं त्यामुळे एकमेकांत बसतात. माझं मत सांगू का, बीम स्वस्तातले चालतात, पिना चांगल्याच घ्या. हलक्या पिना एकतर भोकात अडकून बसतात, दाताने ओढून काढायला लागतात, नाहीतर सैल होऊन सगळी मशीन खुळखुळते. तुमच्या लहानपणीचा मेकॅनिक्सचा लोखंडी पट्ट्यांचा डबा माळ्यावर असेल तर काढा पण तो यात मिसळता येत नाही, भोकांचं अंतर वेगळं. नुसता त्याच्यावरच हात बसवला तरी मुलगा पुष्कळ शिकेल.

आमची चिरेखाण आहे. चिरा कापायच्या मशीनचं मॉडेल करायचंय, कुठेच कुणी केलेलं दिसत नाही. मशीन रुळावरून हळूहळू सरकते आणि गोल पातं जोरात फिरतं. मोटर एकच आहे. चिरा १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच. – वाचक, राजापूर

हे पत्र वाचून मी चहा गार केला. जेसीबी सगळं जग करतं हो, जांभा कापायची मशीन कोण करणार, आपणच ना!

तुमचं माप टायरवरून नाही काढायचं, चिऱ्यावरून काढायचं. साधा २ बाय ३ चा ठोकळा २४ मिमी लांब आणि १६ रुंद असतो. तुमचा चिरा पंधराव्या हिश्श्याला आणला तर २३.७ लांब, १५.२ रुंद आणि ११.९ उंच. म्हणजे २ बाय ३ चा तपकिरी ठोकळा आणि त्याच्यावर एक पातळ प्लेट (९.६ अधिक ३.२, एकूण १२.८), झाला तुमचा चिरा, एक मिमी इकडे तिकडे. मशीन १:१५ ने करा आणि शेजारी असे शंभरेक चिरे रचून ठेवा, त्याशिवाय खाण वाटणार नाही.

पात्यासाठी ४० दातांचा गियर वापरा, दात आहेतच, लांबून करवतीचं पातं वाटतं. आता एक मोटर आणि दोन वेग. मोटरला लांब ॲक्सल लावा आणि दोन्ही कामं त्याच्यावरूनच घ्या. एका बाजूला त्याच्यावर २४ दातांचा गियर आणि तो पात्याच्या ॲक्सलवरच्या ८ दातांना फिरवतो, म्हणजे तिप्पट वेग, ४०० चे १२००. हे दोन गियर दोन घरांच्या अंतरावर बरोब्बर बसतात. दुसऱ्या बाजूला वर्म आणि त्यावर २४ दातांचा गियर, ४०० चे राहिले १७. एवढ्यावर चाक लावलं तर २४ मिमीचं चाक सेकंदाला दोन सेंमी पळेल, चिरा कापतंय असं नाही वाटणार, दुकानात निघाल्यासारखं वाटेल. म्हणून पुढे परत एकदा ८ आणि २४ टाका, सेकंदाला ७ मिमी होतं, ते डोळ्याला पटतं. त्यातला २४ चा गियर क्लचवाला घ्या, जो जास्त जोर आला की आतल्या आत घसरतो, म्हणजे गाडी शेवटाला अडकली तरी दात झिजणार नाहीत, पातं फिरत राहील.

रुळाच्या भानगडीत पडू नका. १५ भोकांचे बीम दोन्ही बाजूंना आडवे लावून कठडा करा आणि मधून गाडी साध्या चाकांवर चालवा, वरून बघणाऱ्याला रूळच वाटतात. झाल्यावर फोटो पाठवाच, आणि खाणीतल्या कामगारांना दाखवून ते काय चुका काढतात ते पण लिहा, मला त्यात जास्त रस आहे.

घर समुद्राला लागून. रबर बँड चिकट होतात, बॅटरी बॉक्सच्या पत्र्यावर हिरवं पांढरं काहीतरी धरतं. – वाचक, श्रीवर्धन

खारी हवा, दुसरं काय. खेळून झालं की सेल काढून ठेवा, दर वेळी, आळस नको. पत्र्यावर धरलंय ते मात्र बहुतेक सेल गळल्याचं आहे, कानात घालायच्या कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबू घेऊन पुसा, मग कोरड्या काडीने, आणि दिवसभर पंख्याखाली उघडं ठेवा. मोटर कधीच पाण्यात घालू नका. बाकी ठोकळे धुवायला हरकत नाही पण पाणी कोमट, ४० अंशांच्या वर नाही, आणि अंगणात उन्हात आमसुलांच्या शेजारी वाळत नका घालू, पांढरे आणि करडे पिवळट पडतात. रबर बँडला टाल्कम पावडर लावून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि डिझाइनमध्ये जमेल तिथे बँडऐवजी गियरच टाका.