पानठेल्यावर असताना खून डोळ्यांदेखत झाला, पण पोलिसांना 'काहीच पाहिलं नाही' म्हणालो. आता खरं सांगितलं तर मीच अडकेन का?

अडकाल ते गप्प राहूनच. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर तुमची सही नसते, शपथही नसते, म्हणून आता खरं सांगता येतं. कोर्टात शपथेवर खोटं बोललात, तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात आधी एखादा फौजदारी वकील गाठा. मग तपास अधिकाऱ्यामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जबाब द्या. इतके दिवस का लपवलं, तेही सांगा. पानठेल्यावर होता ना? मग खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटून घेत होता की पैसे देत होता, हेही आठवा. उलटतपासणीत असलंच खोदून विचारतात.

धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करता येतो.

आणि हो, रक्त पुसायला किंवा हत्यार लपवायला तुमचा हात लागला असेल, तर वकिलाआधी कुणाशीच बोलू नका.