सस्कॅचेवानला शेतीवर यायचं ठरवताय, तर आधी वहिनींचं बघा

तुमचं पत्र वाचलं. लातूरकडची सहा एकर भावाकडे सोपवून, दोन मुलांना घेऊन कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात शेतीच्या कामावर यायचं आणि पुढेमागे स्वतःची जमीन घ्यायची, असा तुमचा बेत आहे. पगार, थंडी, मसुरीचं पीक, सगळं विचारलंत. वहिनी इथे काय करणार, हे मात्र कुठेच नाही. मी तिथूनच सुरुवात करते, कारण इथली शेती दोघांनी ओढल्याशिवाय चालत नाही.

2025 च्या जानेवारीपासून जोडीदाराच्या ओपन वर्क परमिटचे, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायच्या परवान्याचे, नियम कडक झालेत. पूर्वी बऱ्याच जणांच्या बायकांना तो मिळायचा. आता तो ठरावीक वरच्या श्रेणीच्या कामांपुरता आहे, साध्या शेतकामाच्या परमिटवर मिळेल असं धरून चालू नका. म्हणजे वहिनी इथे येऊन दोन-तीन वर्षं घरात बसतील, तेही गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या घरात. शेजारी म्हणजे लांबवर दिसणारा एक दिवा. हे त्यांना आजच सांगा. आणि अर्ज भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नियम पुन्हा बघा, ते सतत बदलतात. नोकरी लावून देतो म्हणून कोणी एजंट पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. या प्रांतात कामगाराकडून भरतीचे पैसे घेणं बेकायदा आहे.

जमिनीचं सांगते. इथलं शिवार चौकोनात आखलेलं आहे. एक मैल लांब-रुंद चौकोन म्हणजे सेक्शन, 640 एकर. त्याचा पाव हिस्सा म्हणजे क्वार्टर, 160 एकर. मूळ रहिवाशांशी करार करून घेतलेली ही भूमी सरकारने 1872 च्या कायद्याखाली दहा डॉलर फी घेऊन वसाहतवाल्यांना वाटली. आज प्रांतातलं सरासरी शेत 1700 एकरांच्या पुढे गेलंय. आकड्याने हुरळून जाऊ नका. आमच्या भागात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला 350 ते 400 मिलिमीटर, आणि पीक एकच. वाफसा आला की मे महिन्यात पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरात काढणी, मग बर्फ. परमनंट रेसिडेंट होईपर्यंत, म्हणजे कायम राहण्याची परवानगी मिळेपर्यंत, तुम्हाला इथे दहा एकरांपेक्षा जास्त शेतजमीन घेता येत नाही. आम्हीसुद्धा आधी पगारावर, मग खंडाने, मग थोडी स्वतःची असेच आलो.

मसुरीबद्दल तुम्ही हौसेने विचारलंत. सस्कॅटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी ‘लेअर्ड’ हे वाण तयार केलं, ते 1978 मध्ये आलं, आणि मसूर इथे रुजली. तिच्या शेंगा जमिनीलगत धरतात. म्हणून पेरणीनंतर शेतावर भला मोठा लोखंडी रोलर फिरवून दगड मातीत दाबतात, नाहीतर कापताना एखादा दगड कंबाइनमध्ये, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्रात, जातो आणि ऐन काढणीत मशीन बंद पडतं. आमच्याकडे रोलर मी फिरवते. काढणीला हे कंबाइनवर, मी धान्याच्या ट्रकवर. ओलावा मोजायचा, कोठारात माल चढवायचा, मुलांची जेवणं शेतावरच. रात्री दव पडून शेंगा लवचीक होईपर्यंत काम चालतं.

पण या मसुरीचा भाव दिल्लीत ठरतो. नोव्हेंबर 2017 मध्ये भारताने पिवळ्या वाटाण्यावर 50 टक्के आयात शुल्क लावलं, डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर 30 टक्के. तुमच्या गावाकडच्या शेतकऱ्याला त्याचा आधार वाटला असेल, आणि वाटायलाच हवा. आमचा माल मात्र कोठारात पडून राहिला. तो हिवाळा आमचं घर माझ्या पगारावर चाललं. मी गावातल्या वृद्धाश्रमात केअर एड आहे, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करते. इथल्या बहुतेक शेतकरी घरांत कुणाची तरी अशी बाहेरची नोकरी असतेच. वहिनींनी येण्याआधी इंग्रजी बोलण्याचा सराव आणि गाडी चालवणं, एवढं तरी पक्कं करावं. दवाखाना, किराणा, मुलांची शाळा, गाडीशिवाय काहीच नाही. उणे तीसमध्ये इंजिन गोठू नये म्हणून गाडीच्या तोंडाशी वायर लोंबत असते, रात्री ती भिंतीतल्या प्लगला लावायची. गाडीत घोंगडी, फावडं, मेणबत्ती कायम ठेवायची. मुलांना स्कूल बस घरापासून नेते, पण फार थंडीत बस येत नाही आणि शाळा चालूच असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेजारच्या अल्बर्टा प्रांतात आयरीन मर्डॉक नावाची बाई होती. नवरा वर्षातले पाच-पाच महिने बाहेर कामाला असे. तेव्हा गवत कापणं, ट्रक-ट्रॅक्टर चालवणं, गुरांना डाग देणं ती करायची. संसार मोडल्यावर तिने रँचमध्ये, म्हणजे गुरं पाळायच्या त्या मोठ्या शेतात, वाटा मागितला. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, का तर कोणत्याही रँचवाल्याची बायको एवढं करतेच. त्यावर देशभर संताप उसळला आणि प्रांतांनी आपले कायदे बदलले. आज सस्कॅचेवानात राहत्या घराचा क्वार्टर जोडीदाराच्या संमतीशिवाय विकता येत नाही. तरीही माझं म्हणणं आहे की पहिल्या क्वार्टरच्या कागदावर दोघांची नावं घाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आपल्याकडे लक्ष्मीमुक्ती चालवली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली होती. लातूरच्या सातबाऱ्यावर वहिनींचं नाव नसेल, तर निघण्याआधी तेही बघा.

बाकी थंडीचे कपडे, शाळेचे दाखले, भाडं हे सगळं पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन. तोवर वहिनींना त्यांचे प्रश्न त्यांच्याच हाताने लिहून पाठवायला सांगा. त्यांना मी वेगळं उत्तर देईन.