मागे पाटे वाढवलेत ना? मग बूस्टर बदलण्याआधी एलएसपीव्ही बघा

तुमची अडचण वाचली. २०१६ ची सेकंडहँड पिकअप घेतली, मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवले. आता गगनबावड्याहून वैभववाडीकडे करूळ घाट उतरताना गाडी नाक खाली घालते, पुढचे ब्रेक पॅड दोन महिन्यांत संपले आणि गॅरेजवाला म्हणतोय बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा भाग) बदला. शिवाय हौद्याची उंची, हौद्यात चेकर प्लेट (उठाव नक्षीचा पत्रा), रुंद टायर, पुढचा गार्ड आणि एलईडी बार अशी यादी तयार आहेच. यादीवर नंतर येतो. आधी बूस्टरचे पैसे खिशात ठेवा.

हे दुखणं मी ओळखतो. मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि बूस्टर असं सगळं नवं घातल्यावर मला कळलं की तिघांतल्या एकाचाही दोष नव्हता. गाडीवर केलेल्या सगळ्या हौसेत मिळून गेले नसतील एवढे पैसे त्यात गेले. कुठल्या वर्कशॉपने केलं ते सांगत बसत नाही, कारण पाटे भरणारी बहुतेक दुकानं हेच करतात. पाटेवाला ब्रेकला हात लावत नाही, ब्रेकवाला पाट्यांकडे बघत नाही, आणि दोघांच्या मधली वस्तू कुणाचीच नसते.

ती वस्तू म्हणजे एलएसपीव्ही, लोड सेन्सिंग प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, चासीला बसवलेला छोटा व्हॉल्व्ह. त्याच्या लिव्हरपासून एक दांडी किंवा स्प्रिंग खाली अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटला जोडलेली असते. माल भरला की हौदा खाली बसतो, लिव्हर फिरतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. थोडक्यात, व्हॉल्व्ह माल मोजत नाही, तो चासी आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर मोजतो. पाटे वाढवले की नेमकं तेच अंतर बदलतं.

आकड्यांत बघू. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजायचे. मूळ पाट्यांवर रिकाम्या गाडीचं अंतर २१० मिमी आणि १,२०० किलो भरल्यावर १३० मिमी, म्हणजे ८० मिमी खाली बसणं. पाटे वाढवल्यावर रिकामी २४५ आणि तेवढ्याच मालाला १९०. आता व्हॉल्व्हला दिसतं १९०. त्याच्या जुन्या हिशेबात गाडी फक्त २० मिमी बसली आहे, म्हणजे माल आहे ३०० किलोच्या आसपास. हौद्यात १,२०० किलो, व्हॉल्व्हच्या लेखी ३००. मागचे ब्रेक त्या ३०० च्या हिशेबाने लागतात आणि उरलेलं सगळं पुढच्या पॅडवर येतं. तुमचे पॅड दोन महिन्यांत संपले यात नवल ते काय!

तपासणी सोपी आहे. घाट उतरल्यावर गाडी बाजूला घ्या आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकं बघा. हात लावू नका, चटका बसेल. पुढची डिस्क तापलेली आणि मागचे दोन्ही ड्रम जेमतेम कोमट असतील, तर बूस्टरचा प्रश्नच मिटला. बूस्टर कमजोर असता तर पेडल कडक लागलं असतं आणि चारही चाकांचा ब्रेक सारखाच कमी झाला असता. मागचा एकच ड्रम थंड असेल तर त्या चाकाचा व्हील सिलिंडर, लायनर आणि अ‍ॅडजस्टर आधी उघडून बघा. मग गाडीखाली जाऊन एलएसपीव्हीचा लिव्हर हाताने हलतो का ते पाहा. आपल्याकडच्या पावसात चिखल आणि गंज बसून तो जागीच धरलेला असतो, आणि मग पाटे न वाढवताही हाच त्रास होतो.

दुरुस्तीचा पहिला टप्पा: रिकामी गाडी जेवढी उचलली गेली, तेवढाच अ‍ॅक्सलकडचा ब्रॅकेट उचलायचा. वरच्या उदाहरणात ३५ मिमी. काही गाड्यांत दांडीवर चेकनट (लांबी कमी-जास्त करून आवळायचा नट) असतो, तिथे हा टप्पा त्यावरच जमतो. पण लोक इथेच थांबतात आणि इथेच फसतात. ब्रॅकेट ३५ ने उचलला तरी नवे पाटे कडक असल्यामुळे १,२०० किलोला गाडी ८० ऐवजी ५५ मिमीच बसते. व्हॉल्व्हला माल ८२५ किलोच वाटतो. पूर्वीपेक्षा बरं, पण पुरेसं नाही. म्हणून दुसरा टप्पा टाळू नका. पुढच्या एका आणि मागच्या एका ब्लीडरला (ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूला) प्रेशर गेज लावून, रिकाम्या आणि वजनकाट्यावर मोजलेल्या भरलेल्या गाडीत, पुढे ठरावीक दाब दिल्यावर मागे किती येतो ते बघायचं. तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हे आकडे असतात. त्यांच्याशी जुळेपर्यंत दांडी सरकवायची, नंतर ब्रेकमधली हवा काढायची. ज्या गॅरेजकडे हे गेज नाही तिथे हे काम देऊ नका. कोल्हापुरात शिरोली किंवा उद्यमनगरात चार ठिकाणी विचारलंत तर मिळेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला करून घेतलंत तर उत्तमच.

एक जुगाड मात्र कुणी सुचवला तरी करू नका: लिव्हर तारेने कायमचा 'फुल लोड'ला बांधणे. भरलेल्या गाडीला तो झकास वाटतो. रिकाम्या परतीच्या फेरीत ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि हौदा पुढे यायला बघतो. घाटात याचा अर्थ काय ते सांगायला नको.

पाट्यांचं कामही पुन्हा तपासून घ्या, कारण जिथे व्हॉल्व्ह विसरला तिथे बाकीचंही विसरलं असण्याची शक्यता जास्त. पाटे वाढले की सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट लांब लागतात. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, एकदा ताणले की ते तितके धरत नाहीत. नटाच्या वर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. आवळणं समोरासमोरचे नट आळीपाळीने, गाडी चाकांवर उभी असताना, टॉर्क पान्याने, आणि ५०० किमीनंतर पुन्हा एकदा. ढिला यू-बोल्ट सेंटर बोल्ट कापतो, अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. चासी जॅकवर घेऊन मागची चाकं लोंबकळत ठेवा आणि अ‍ॅक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज ताणतो का बघा. ताणत असेल तर लांब होज लागेल. ४०-५० च्या वेगाला नवी थरथर सुरू झाली असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन बदललाय. जुन्या पाट्यांना भट्टीत लाल करून पुन्हा बाक देणाऱ्यांपासून लांब राहा. त्यात पोलादाचा टेंपर (कडकपणा) जातो आणि पाटा महिन्यात पुन्हा बसतो किंवा तुटतो.

माझं मत विचाराल तर दोन-दोन पाटे हे मुळातच जास्त झाले. एक-एक काढा, किंवा माल भरल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा घ्या, म्हणजे रिकामी उंची तरी मूळची राहते. आणि पाटे वाढवले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे.

आता यादी, झटपट.

टायर: २१५/७५ आर १५ वरून २३५/७५ आर १५ घेतलं तर व्यास सुमारे ७०४ वरून ७३४ मिमी होतो, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२-६३ वर असेल, आणि चढाला गिअर लांब वाटेल. त्याहून महत्त्वाचा लोड इंडेक्स. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो. मागच्या अ‍ॅक्सलवर भरल्यावर १,९०० येत असतील तर असे दोन टायर ३०० किलोने कमी पडतात. रुंद आणि देखणा टायर बऱ्याचदा जीपचा असतो, मालगाडीचा नसतो. व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) तर नकोच, बेअरिंग खातात.

हौद्यातली चेकर प्लेट: ९ बाय ५.५ फूट हौद्याला ३ मिमीची लोखंडी प्लेट साधारण ११५ किलो भरते. तेवढा माल प्रत्येक फेरीला कमी. ६ मिमी रबर मॅट ४० किलोच्या आसपास. कोकणातून मासळी आणत असाल तर प्लेटखाली खारं पाणी साचून मूळ पत्रा आतून जातो आणि तो दिसतही नाही. मॅट उचलून धुता येते.

लाइट: एलईडी बार घाटातल्या धुक्यात आपल्याच डोळ्यांवर येतो, समोरच्याला आंधळं करतो आणि रस्त्यावर पकडलाही जातो. त्यापेक्षा हेडलाइटच्या खाली, कमी उंचीवर पिवळे फॉग लावा. दोन ५५ वॅटचे दिवे म्हणजे साधारण सव्वानऊ अँपिअर. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, २.५ चौरस मिमी वायर, आणि रिले (त्याच्या पिनांवर नंबर असतात): ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून दिवे, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ. हेडलाइटमध्ये १००/९० वॅटचे बल्ब कोंबू नका. आधी होल्डर वितळतो, मग कॉम्बिनेशन स्विच.

गार्ड आणि हौद्याची उंची: मी वकील नाही, एजंटही नाही, त्यामुळे हे स्वतः पडताळून घ्या. क्रॅश गार्डवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे, तेव्हा तो विषय सोडा. हौद्याची उंची हा रचनेतला बदल आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यालाच लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी परवानगी, मग वेल्डिंग. आरटीओच्या खिडकीवर कुणी तोंडी 'चालतंय की' म्हणालं तर त्यावर जाऊ नका. फिटनेसच्या दिवशी तो माणूस त्या खिडकीवर नसतो आणि दुसरा माणूस जाळी कापून आणायला सांगतो. तुमची गाडी ८ वर्षांवरची आहे, त्यामुळे फिटनेस दरवर्षी आहे हेही ध्यानात ठेवा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला निमित्तच हवं असतं.

जाता जाता: गाडी आपल्याच भागातली असेल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी तिच्यात गेलं होतं का तेही बघा. सीटच्या पट्ट्याचा रोल शेवटपर्यंत ओढा, डॅशबोर्डमागचा एखादा कनेक्टर सोडवा. गाळाची बारीक पिवळट पूड तिथेच राहते.

आज एवढंच करा. सपाट जागेवर रिकाम्या गाडीचं चासी-अ‍ॅक्सल अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, मग काट्यावर वजन करून भरलेल्या गाडीचं मोजा. आकडे कळवा, ब्रॅकेट किती उचलायचा ते त्यावरून काढू. तोवर घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका.