स्वरलिपी न शिकता, केवळ स्वतःच्या बळावर वाद्यसंगीताचा संगीतकार होऊन त्यावर जगता येते का?

होता येते. ग्रीक संगीतकार व्हँजेलिस यांना स्वरलिपी वाचता-लिहिता येत नव्हती, तरी १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. बव्हंशी स्वतःच शिकलेले जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सू यांच्याकडून न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने १९६७ मध्ये आपल्या १२५ व्या वर्षानिमित्त रचना करवून घेतली. अडचण येते ती इतरांनी तुम्हाला संगीतकार मानण्यात.

एका माहितीपटासाठी मी कीबोर्डवर चेलो आणि बासरी यांची रचना केली होती. धून, स्वरसंगती, चेलोने कोठे थांबायचे आणि बासरीने कोठे उचलायचे, हे सारे माझ्या ध्वनिमुद्रणात होते. वादकांना कागद हवे होते, म्हणून एका प्रशिक्षित संगीत संयोजकांनी ते ऐकून जसेच्या तसे उतरवून दिले आणि ते काम त्यांनी उत्तम केले. श्रेयनामावलीत मात्र संगीतकार म्हणून त्यांचे नाव झळकले आणि माझे ‘मूळ कल्पना’ या शब्दांखाली गेले. विचारणा केली तेव्हा, “तुम्हाला लिहिता येत नाही, मग रचना तुमची कशी?” हे सर्वांसमोर ऐकावे लागले. आईने सांगितलेले पत्र शेजाऱ्याने लिहून दिले, तर ते शेजाऱ्याचे होते काय? संयोजन, म्हणजे रचना वाद्यांसाठी नव्याने बांधणे, ही स्वतंत्र कला आहे आणि त्यात नवे काही घालणाऱ्याला त्याचे श्रेय मिळालेच पाहिजे. परंतु उतरवून देणे म्हणजे संयोजनही नव्हे.

म्हणून प्रत्येक मसुदा तारखेसह जपून ठेवा आणि श्रेयाचे नेमके शब्द काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्या.

अर्थात, स्वरलिपी शिकूच नये असे माझे म्हणणे नाही. केवळ संगणकावर रचना केली, तर खऱ्या वाद्यांच्या मर्यादा लक्षात येत नाहीत: व्हायोलिनच्या सर्वांत जाड तारेच्याही खालचा सूर संगणक बिनदिक्कत वाजवतो. वादकाला ते शक्य नसते. बासरीचे खालचे सूर संगणकावर ट्रम्पेटपेक्षा मोठे करता येतात, प्रत्यक्ष दालनात ते बुडतात. शिवाय अगदी एकट्याने शिकलेला संगीतकार विरळाच: स्वयंशिक्षित म्हणवले जाणारे ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गही काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक धुनी एकत्र गुंफण्याचे तंत्र, संगीतकार झेमलिन्स्की यांच्याकडे शिकले होते.

उदरनिर्वाहाचे म्हणाल, तर सुरुवातीला दुसरे उत्पन्न असू द्या आणि एकरकमी पैशांच्या मोहाने हक्क विकू नका. मी ते विकले नव्हते, त्यामुळे तीच रचना पुढे दुसऱ्या कामासाठी मागितली गेली तेव्हा करारावर सही माझी लागली, त्या संयोजकांची नव्हे.