बाहुलीच्या झग्याचे वय कसे ओळखावे?

प्रश्न : बाहुल्यांचे ऐतिहासिक पोशाख जमवण्याचा छंद मला अलीकडेच लागला आहे. नुकताच एक जांभळा रेशमी झगा मी विकत घेतला. विकणाऱ्याच्या सांगण्यानुसार तो १८६०च्या सुमाराचा आहे. त्याच्या पाठीवर तीन टिचबटणे आहेत, आतून पांढरे सुती अस्तर आहे आणि घड्यांच्या जागी रेशीम विरल्यासारखे दिसते. तो खरोखरच इतका जुना असेल का? शिवाय तो धुऊन घेतला तर चालेल का?

उत्तर : धुण्याचे आधी सांगतो, कारण तेवढी एकच चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही. हा झगा पाण्यात घालू नका. रेशमावरचा नैसर्गिक डिंक काढून टाकला की त्याचे वजन साधारण पाव हिश्शाने घटते. रेशीम वजनावर विकले जात असल्यामुळे ही तूट भरून काढण्यासाठी, आणि पुष्कळदा तुटीहून अधिक भर घालण्यासाठी, धाग्यांत धातूंचे, विशेषतः कथिलाचे, क्षार मुरवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोकाळली. असे कापड नवे असताना भरदार दिसते आणि सुरेख सळसळते. पुढे मात्र ते ठिसूळ होऊन शिवण शाबूत असतानाही घडीघडीवर चिरत जाते. आपल्या झग्याचे वर्णन वाचून मला हीच शंका येते. ती खरी असेल, तर धुतल्यावर हाती चिंध्याच उरतील.

आता वयाविषयी. जांभळा रंग १८६०च्या दाव्याशी विसंगत नाही. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन यांना १८५६ मध्ये कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला आणि पुढची काही वर्षे त्या रंगाची मोठी लाट होती. मात्र जांभळा रंग त्याआधीही होता आणि नंतरही राहिला, त्यामुळे नुसत्या रंगावरून काहीच सिद्ध होत नाही. अडचण आहे ती टिचबटणांची, कारण त्यांचे पेटंट १८८५चे आहे. कपड्यातील सर्वांत जुन्या नव्हे, तर सर्वांत नव्या मूळ घटकावरून त्याचे वय मोजावे, हा नियम संग्राहकाने कायम लक्षात ठेवावा.

त्या वाक्यातला ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाहुलीचे कपडे एका मुलीकडून दुसरीकडे जातात, बटणे तुटतात आणि घरातले कोणीतरी हाताशी असेल ते लावून मोकळे होते. तेव्हा भिंग घेऊन टिचबटणाच्या कडेने बारकाईने पाहा. जुन्या हुकाच्या टाक्यांची रिकामी छिद्रे, गंजाचा तांबूस ठिपका किंवा कापडाचा न विटलेला छोटा तुकडा दिसला, आणि बटणाचा दोरा शिवणीच्या दोऱ्याहून वेगळा निघाला, तर बटणे नंतरची आहेत असे मानण्यास जागा आहे. यांपैकी काहीच नसेल, तर झगा १८८५ नंतरचा समजावा, विकणारा काहीही सांगो.

यंत्राची टीप दिसली म्हणून निराश होऊ नये. शिवणयंत्रे १८५०च्या दशकातच विकली जाऊ लागली होती. अस्तर अंधारात अतिनील दिव्याखाली धरून पाहा. ते झळझळीत निळसर-पांढरे चमकले, तर त्यात अलीकडच्या काळातील शुभ्रक रसायन आहे. पण त्यावरून अस्तर नवेच ठरत नाही, कारण जुने कापड आजच्या धुलाईच्या पावडरीत एकदा धुतले तरी तसेच चमकते. न धुण्याचे हे आणखी एक कारण : धुण्याने केवळ मळ जात नाही, पुरावाही पुसला जातो.

प्रश्न : जुने पोशाख परवडत नाहीत. जुन्या धाटणीचे कपडे स्वतः शिवून संग्रहात ठेवले, तर त्याला खरा संग्रह म्हणावे का?

उत्तर : अवश्य म्हणावे. राणी व्हिक्टोरिया यांनी बालपणी १३२ बाहुल्या जमवल्या होत्या; त्या लाकडी बाहुल्यांचे पोशाख त्यांनी आणि त्यांच्या शिक्षिका बॅरोनेस लेझेन यांनी शिवले होते. त्यांतील अनेक बाहुल्या रंगभूमीवरच्या व्यक्तिरेखांप्रमाणे सजवलेल्या होत्या. कोणती बाहुली कोण, याची नोंद त्यांनी एका वहीत ठेवली होती. अनुकरण घ्यायचे तर त्या वहीचे घ्यावे. आपण शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूस वर्ष दोऱ्याने घाला, नाहीतर उद्या आपलाच झगा कोणीतरी अस्सल जुना म्हणून विकेल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लॉर्ड आणि लेडी क्लॅपहॅम या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या सतराव्या शतकाच्या अखेरच्या दोन बाहुल्या आहेत. त्यांचे आतले कपडेही टिकल्यामुळे एकावर एक काय चढवले जाई, हे त्यांवरून कळते. म्हणून शिवायला घ्याल तेव्हा आतल्या कपड्यांपासून सुरुवात करा. वरचा घेर त्यांवरच उभा राहतो.

प्रश्न : कपडे बाहुलीच्या अंगावरच ठेवावेत की काढून?

उत्तर : प्लास्टिकच्या बाहुलीवरून काढून ठेवावेत, कारण गडद रंग तिच्या अंगात कायमचे उतरतात. कपडे आम्लविरहित कागदात सैल गुंडाळावेत, घडीत त्याच कागदाची गुंडाळी भरावी आणि पेटी उन्हापासून व दमट भिंतीपासून दूर ठेवावी. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकण्याऐवजी, दर काही महिन्यांनी पेटी उघडून प्रत्येक कपडा उलटसुलट पाहणे अधिक भरवशाचे.